दिवसाला दोन पेशी

मंगळवार, रात्री ११.४०

आज हाती लागल्या दोन पेशी. दुसरी बाविसाव्या मिनिटाला गेली, म्हणजे वहीत धरायला एकच.

परवा फोनवर मावशीने विचारलं, "मग आता तुला माणसाच्या मनातलं कळत असेल ना गं?" माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि मी उंदराच्या मेंदूतल्या दिवसाला दोन गाठते, त्यांतून वाहणारी वीज मोजायला. हे तिला सांगितलं नाही. "अजून वेळ आहे," एवढंच म्हटलं.

सकाळी आठला उंदराच्या मेंदूच्या स्लाइस कापायला बसले होते. ३०० मायक्रॉन जाडीच्या, बर्फगार द्रावणात. जरा हात रेंगाळला की पेशी तिथेच मरतात. मग तासभर त्यांना ऑक्सिजनच्या बुडबुड्यांत सावरू द्यायचं. निरोगी पेशी मऊ, कडा पुसट. मेलेली फुगलेली, आतलं केंद्रक उठून दिसणारं. चार वर्षांत डोळ्यांना एवढं तरी कळायला लागलंय.

पिपेटचं, म्हणजे काचेच्या सुईसारख्या नळीचं, तोंड जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं. ते पेशीला टेकलं, की नळीतून तोंडानेच हलकं ओढायचं. विजेचा रोध गिगाओमच्या (अब्ज ओहमच्या) वर गेला की सील लागलं, म्हणजे काच पेशीला घट्ट चिकटली. पडद्यावरची रेघ सपाट होते, आणि माझा श्वास अजूनही अडकतो. एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांना या पॅच-क्लॅम्प तंत्राने लावलेल्या शोधांसाठी १९९१ चं नोबेल मिळालं. त्यांचा पहिला शोधनिबंध १९७६ चा, पण गिगाओमचं सील साधायला १९८० उजाडलं. वैताग आला की मी हे आकडे स्वतःला सांगते.

आज मात्र उपयोग झाला नाही. कारण पेशी नव्हेच, गेल्या आठवड्यातलं प्रकरण.

सरांनी माझ्या सगळ्या फाइलींची नावं बदलून नुसते क्रमांक दिले, आणि कुठली पेशी औषधाची, कुठली कंट्रोलची, म्हणजे औषध न दिलेली, हे न कळता पुन्हा मोजायला लावलं. मोजलं. ज्या फरकावर माझा अर्धा प्रबंध उभा होता, तो जवळजवळ विरून गेला.

जुन्या वह्या काढून बसले तेव्हा कळलं. पिपेटचं तोंड अर्धवट बुजलं की अ‍ॅक्सेस रेझिस्टन्स, म्हणजे पिपेटपासून पेशीच्या आतपर्यंतचा रोध, वाढतो आणि पेशीचा प्रतिसाद उगाच लहान दिसतो. म्हणून तो २० टक्क्यांहून जास्त बदलला की पेशी टाकून द्यायची, असा आमचा नियम. औषधाच्या पेशीत असं झालं की मला नियम चोख आठवायचा. कंट्रोलमध्ये झालं की शेजारी लिहिलेलं: "चालेल". माझंच अक्षर. खोटं काही लिहिलं नव्हतं मी, तरी मान खाली गेली. शिवाय एकतीस पेशी म्हणून मिरवत होते, त्या होत्या सातच प्राण्यांच्या. एकाच उंदराच्या चार पेशी म्हणजे चार स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

सर रागावले नाहीत. "बरं झालं, परीक्षकाच्या आधी आपल्याला सापडलं," म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून. द्रावणं ज्युनिअरने भरून ठेवलीत. बाटल्यांवर नुसतं 'क' आणि 'ख'. कुठलं काय, ते तिच्या वहीत.

निघताना 'ख' दिव्यासमोर धरून पाहिली. मग 'क'. दोन्ही सारख्याच नितळ.