शाळा नसलेल्या घरातली उन्हाळ्याची सुट्टी

आमची दोन्ही मुले, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, शाळेत न जाता घरीच शिकतात. त्यामुळे उन्हाळा जवळ आला की दरवर्षी घरात एकच वाद सुरू होतो: जिथे शाळाच नाही, तिथे सुट्टी कशाची घ्यायची? मैत्रिणींच्या शाळा बंद झाल्या की मुलीलाही सुट्टी हवी असते, आणि तिची मागणी मला रास्त वाटते. पण दहा आठवड्यांनी पुन्हा वह्या उघडल्यावर काय समोर येईल, याची धास्ती मला असते. हा वाद मिटवण्यात आमचे दोन उन्हाळे गेले आणि तिसऱ्यात कुठे काही जमले.

पहिल्या उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मी विषयवार तासांचा रंगीत तक्ता करून भिंतीवर लावला होता. नवव्या दिवशी मुलाने तो काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर जहाज काढले, आणि खरे सांगायचे तर मलाही सुटल्यासारखे वाटले.

दुसऱ्या वर्षी मी थेट दुसरे टोक गाठले. अमेरिकन शिक्षणविचारक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात मांडलेला, मुलांना शिकवण्याची सक्ती न करता त्यांच्या कुतूहलावर विश्वास ठेवण्याचा विचार मला पटला होता आणि आजही बऱ्याच अंशी पटतो. त्या दहा आठवड्यांत मुलीने हाती लागेल ते वाचले, पुठ्ठ्याचे पूल बांधून त्यांवर वजने ठेवून पाहिली आणि कोणता पूल का कोसळला, यावर भावाशी तासन्‌तास भांडली. हे सगळे शिकणेच होते. पण उन्हाळा संपल्यावर मी तिला तीन चतुर्थांशात एक षष्ठांश मिळवायला सांगितले, तेव्हा तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून चार दशांश असे उत्तर लिहिले. समच्छेद करायचा विसर पडला, हे मी समजू शकले असते. मला अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. तिचे उत्तर ज्या संख्येपासून तिने सुरुवात केली होती तिच्यापेक्षाही लहान होते, आणि ते तिला खटकलेही नाही.

त्या संध्याकाळी मी दोघांच्या जुन्या वह्या काढून काय टिकले आणि काय गेले, याची यादी केली. वाचन टिकले होते, किंबहुना वाढले होते. गेले होते ते पाढे, भागाकाराच्या पायऱ्या, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि ऱ्हस्व-दीर्घ. पुढे वाचताना कळले की हे काही आमच्याच घरातले वैगुण्य नव्हते. मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या विषयावरील ३९ अभ्यासांचा आढावा घेतला होता. शाळेत जाणारी मुले उन्हाळ्यात सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडतात आणि सर्वाधिक घसरण आकडेमोड व शुद्धलेखन यांत होते, असे त्यात आढळले. या निष्कर्षावर नंतरच्या काही संशोधकांनी शंकाही घेतली आहे, आणि मीही त्यातील आकड्याला चिकटून राहणार नाही. मात्र जे रोजच्या जगण्यात आपोआप वापरले जात नाही ते आधी निसटते, एवढे मला माझ्या वह्यांमध्येच दिसत होते.

मग प्रश्न उरला तो निसटणारे कसे धरून ठेवायचे, हा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विस्मरणाची मोजमापे घेतली होती आणि ती १८८५ साली प्रसिद्ध केली. त्याच्या एका प्रयोगात एकाच दिवशी ६८ वेळा केलेल्या उजळणीचे काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी भागले. हे वाचल्यावर रोज एक तास गणित घेण्याचा माझा हट्ट सुटला. तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही सकाळची फक्त वीस मिनिटे ठरवली आणि उरलेल्या दिवसाला मी हात लावायचा नाही, असा मुलांशी करार केला.

त्या वीस मिनिटांतली पहिली दहा चिठ्ठ्यांच्या खोक्याची. खोक्याला पाच कप्पे होते; पहिला रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने उघडायचा. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की ती कुठेही असो, परत पहिल्या कप्प्यात येते. ही पद्धत मूळची सेबास्टियान लाइटनर या विज्ञानपत्रकाराची. सुरुवातीला माझी एक चूक झाली: मी एकेका चिठ्ठीवर तीन-तीन प्रश्न लिहिले, त्यामुळे दोन बरोबर आणि एक चूक आले की चिठ्ठी कुठे ठेवायची, यावरच वेळ जाऊ लागला. एका चिठ्ठीवर एकच प्रश्न केल्यावर तंटे थांबले. मुलांना सर्वांत आवडले ते हे की काय येत नाही, हे आईने सांगण्याऐवजी खोकेच सांगत होते.

अपूर्णांक मात्र चिठ्ठ्यांत बसत नाहीत, कारण ती माहिती नसून कृती आहे. त्यासाठी उरलेल्या दहा मिनिटांत तीनच उदाहरणे, तिन्ही निरनिराळ्या प्रकारची. मुलीला एक अपूर्णांकाचे, एक भागाकाराचे आणि एक जुने शाब्दिक उदाहरण मिळे, आणि सोडवण्याआधी तिने उत्तर साधारण किती येईल ते तोंडी सांगायचे. पहिले दोन आठवडे ती हे केवळ माझ्या समाधानासाठी करत होती. तिसऱ्या आठवड्यात एका उदाहरणाच्या मध्येच थांबून ती म्हणाली, ‘‘आई, हे एकापेक्षा जास्त यायला हवं ना? मग माझं कुठेतरी चुकलंय.’’ त्या दिवशी तिचे उत्तर चुकलेच होते, पण मला वर्षभर जे हवे होते ते मिळाले.

मुलाची अडचण लिहिण्याची होती. त्याला गोष्टी सांगायला हव्या असत, पण पेन्सिल हाती घेतली की दोन ओळींत सारे आटपे. म्हणून दिवसातला एखादा प्रसंग तो तोंडी सांगे आणि मी तो जसाच्या तसा उतरवून घेई. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचीच वाक्ये वाचून दाखवी आणि त्यांतले एक निवडून स्वतःच्या हाताने लिही. पुस्तकातल्या जोडाक्षरांपाशी अडखळणारा हा मुलगा स्वतःच्या मजकुरात फारसा अडत नसे, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असे.

दिवसाच्या उरलेल्या भागात मी नाक खुपसले नाही, तरी एकदा अंगणात एक मीटर लांबीची काठी रोवून दिली. मुलगी सावलीच्या टोकाशी खुणा करू लागली. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बारा वाजता पडत नाही, हे लक्षात आल्यावर तिला आधी घड्याळच चुकीचे वाटले. मग घड्याळे एका ठरावीक रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि दर अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो, शिवाय सूर्याची वेळ वर्षभरात थोडी मागेपुढे सरकत असते, हे तिने शोधून काढले. दशांश अपूर्णांकांची जी उदाहरणे तिने माझ्याकडून कधी मुकाट्याने सोडवली नव्हती, ती तिने या नोंदींसाठी पानेच्या पाने सोडवली.

सगळे जमले असे नाही. मधले आठ दिवस आम्ही परगावी होतो, तेव्हा खोके घरीच राहिले आणि परतल्यावर पहिला कप्पा ओसंडून वाहत होता. शुद्धलेखनाच्या चिठ्ठ्यांचा उपयोग मला अपेक्षेहून कमी वाटला. चिठ्ठीवर बरोबर येणारा शब्द मुलीच्या लिहिण्यात अजूनही चुकतो. उन्हाळा संपला तेव्हा मुलाच्या पहिल्या कप्प्यात नऊ चिठ्ठ्या उरल्या होत्या, आणि त्यांतली सात आठे किती ही चिठ्ठी तिसऱ्या कप्प्यापर्यंत जाऊन चार वेळा परत आली होती. ती तिथेच आहे.