पाऊसवही, टप्पा तिसरा : शून्य, रेघ आणि ठिपका

मागच्या टप्प्यात आकडे साठवायचं काम संपलं होतं. या पंधरवड्यात पाऊसवही पडद्यावर नीट दिसायला लागली.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चिपळूणला आमच्या गच्चीत पर्जन्यमापक आहे. अण्णा रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, पाणी मोजून वहीत लिहितात. जून ते सप्टेंबर, १२२ दिवस. तेच आकडे मी जूलिया या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःच्या मॅट्रिक्स-टाइपमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, ठेवतोय: ओळी ३१, रकाने ४. टाइपचं नाव देवनागरीतच ‘पाऊसवही’. जूलिया ते बिनतक्रार घेते. आत मिलिमीटरचे दशांश १६ बिटांच्या पूर्णांकात आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, तसा दिवस आला तरी त्यात आरामात मावतो. म्हणून सगळ्यात मोठा आकडा, ६५५३५, ‘मोजलंच नाही’ या खुणेसाठी राखून ठेवला.

सुरुवातीला मी ‘शो’ हे वस्तू पडद्यावर छापणारं फंक्शन स्वतः लिहायला बसलो आणि चार दिवस त्यात गेले. दशांशचिन्हं एकाखाली एक आणायची, खिडकी लहान असेल तर मधल्या ओळी गाळून उभे ठिपके द्यायचे, हे सगळं हाताने. शेवटी ते सगळं पुसलं. टाइप ‘ॲबस्ट्रॅक्ट-मॅट्रिक्स’ या जूलियाच्या सर्वसाधारण मॅट्रिक्स-टाइपखाली आणला, ‘साइज’ (तक्त्याचा आकार सांगणारं) आणि ‘गेटइंडेक्स’ (एका घरातली किंमत देणारं) एवढी दोनच फंक्शनं दिली, आणि तक्ता आपोआप सुबक छापला गेला. ॲरेसारखं, म्हणजे क्रमाने मांडलेल्या किमतींचं, काही बनवत असाल तर सुरुवात इथूनच करा. छपाईचं बहुतेक काम आधीच करून ठेवलेलं आहे. आपण फक्त हवी ती कडी बदलायची.

तक्त्यावरची ओळ बदलायला ‘समरी’ हे फंक्शन पुरतं. आता तिथे ‘पाऊस २०२१, जून ते सप्टेंबर’ असं येतं. शेवटी विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह (:) देऊ नका, ते जूलिया स्वतः लावते. माझ्याकडे दोन येत होती.

पाच वर्षांच्या वह्या एका यादीत ठेवल्यावर मात्र पडदा आकड्यांनी भरून गेला. रेपलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकली की लगेच उत्तर दाखवणाऱ्या खिडकीत, एकटी वस्तू दाखवताना माइम (कोणत्या रूपात दाखवायचं ते) घेणारा तीन आर्ग्युमेंटांचा ‘शो’ चालतो. यादीतल्या घटकासाठी आधी तोच करून बघितला जातो, पण त्याचं उत्तर अनेक ओळींचं आलं की दोन आर्ग्युमेंटांच्या ‘शो’कडे जातात. म्हणून दोनवाला एका ओळीत बसेल असा लिहिला: वर्ष आणि एकूण पाऊस, बस्स.

आता खरा मुद्दा. या वहीत ‘काही नाही’ तीन तऱ्हांचं आहे. कोरडा दिवस, म्हणजे मोजलं आणि शून्य आलं. न मोजलेला दिवस. आणि ३१ जून, ३१ सप्टेंबर, जे दिवस कॅलेंडरातच नाहीत. शेवटच्या दोन्हींना ‘गेटइंडेक्स’ ‘मिसिंग’ ही जूलियाची ‘किंमत नाही’ अशी खूण परत देतं, त्यामुळे पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत. अण्णांच्या वहीत असा गोंधळ नाही: कोरड्या दिवसाला शून्य, न मोजलेल्याला आडवी रेघ. मला पडद्यावरही तेच हवं होतं.

वाट सापडली ‘डायगोनल’ मॅट्रिक्समुळे, म्हणजे जिच्यात फक्त कर्णावर किमती असतात तिच्यामुळे. तिच्यात कर्णाबाहेरची शून्यं बारीक ठिपक्यांनी छापली जातात. ते काम ‘रिप्लेस-इन-प्रिंट-मॅट्रिक्स’ हे फंक्शन करतं. ते एक्सपोर्ट केलेलं नाही, म्हणजे नुसत्या नावाने मिळत नाही; पुढे ‘बेस’ हे जूलियाच्या मूळ भागाचं नाव लावूनच बोलवावं लागतं. त्याला मॅट्रिक्स, ओळ, रकाना आणि छापायला तयार झालेला मजकूर मिळतो. आपण बदललेला मजकूर परत द्यायचा.

मी नुसती रेघ परत दिली आणि पुढचे सगळे रकाने डावीकडे सरकले. कारण रकान्याची रुंदी मूळ किमतीवरून आधीच ठरलेली असते. ‘मिसिंग’ इंग्रजीत सात अक्षरांचा, म्हणून त्याच्या बदल्यात सातच जागा भरायला हव्यात: सहा मोकळ्या आणि एक रेघ. कॅलेंडरात नसलेल्या दिवसांना ठिपका दिला. त्यासाठी ‘बेस’मध्येच तयार फंक्शन आहे, ते मूळ मजकुराच्या लांबीइतकीच जागा धरून मधोमध खूण ठेवतं. एवढं केलं आणि रकाने जागच्या जागी बसले. ट्रान्सपोज केलं, म्हणजे ओळींचे रकाने केले, तरी खुणा टिकतात, कारण तेव्हा आतल्या मूळ मॅट्रिक्सलाच ओळ-रकाना उलटून विचारलं जातं.

रविवारी अण्णांना २०२१ चा तक्ता दाखवला. त्या जुलैत २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं होतं आणि गच्चीवर मोजायला जायच्या मनःस्थितीत घरात कोणी नव्हतं. बावीसला रेघ होती. त्यांनी वही शेजारी धरली, जुलैच्या रकान्यावरून बोट खाली आणलं आणि तेविसावर थांबले.

“इथे शून्य कसं? त्या दिवशीही मोजलं नव्हतं रे.”

वहीत रेघच होती. टंकताना माझ्याकडून शून्य पडलं होतं. ‘मिसिंग’च्या गर्दीत ते इतके दिवस मला दिसलं नव्हतं. लगेच दुरुस्त केलं, आणि त्याच बैठकीत आम्ही दोघांनी २०१९ ते २०२३ च्या सगळ्या रेघा वहीशी ताडून घेतल्या. अशाच आणखी दोन चुका सापडल्या.

आता २०१८ ची वही टंकायला घेतली आहे.