बँड वाढला होता, पण काम तुंबलं होतं

महाप्याच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या गुरुवारी सकाळी जो ब्लॉट (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं चित्र) स्क्रीनवर आला, तो पाहून सगळे खूश होते. १४ किलोडाल्टन वजनापाशी एलसी३-२ या प्रथिनाचा बँड, म्हणजे पट्टा, काळाकुट्ट, ठसठशीत. ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवणं, चालू करणारं म्हणून तपासायला आलेलं एक नवं रसायन दिलेल्या हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींचा तो नमुना होता. याच पेशी रसायन देऊन उपाशी ठेवल्या की भराभर मरत होत्या. निष्कर्ष आयताच हाती आला: रसायनाने ऑटोफॅजी वाढवली आणि पेशींनी स्वतःलाच खाऊन संपवलं. अहवालाच्या मसुद्यात तो लिहूनही झाला होता.

मला खटकली ती प्लेट. मायक्रोस्कोपखाली ठेवली तर पेशींच्या आत, केंद्रकाच्या भोवती साबणाच्या फेसासारखे चकचकीत बुडबुडे. शेजारच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) ऑटोफॅजी चालू करणारं माहितीतलं औषध रॅपामायसिन होतं, तिथे असं काहीच नाही. हे बुडबुडे ओळखीचे होते. मलेरियाचं औषध क्लोरोक्विन पेशींना दिल्यावर असेच दिसतात. सौम्य अल्कधर्मी रेणू लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीच्या, आम्लात शिरतो, तिथे त्याच्यावर प्रभार चढतो आणि त्याला परत बाहेर पडता येत नाही. मागोमाग पाणी आत येतं आणि लायसोसोम फुगतो.

एलसी३-२ हे प्रथिन पचवायचा माल वाहणाऱ्या ऑटोफॅगोसोम या पिशवीच्या पडद्याला चिकटलेलं असतं. ती पिशवी लायसोसोमला जाऊन मिळाली की आतल्या मालाबरोबर तेही पचून जातं. म्हणजे ब्लॉटवर दिसतो तो त्या क्षणाचा साठा. शिळफाट्यावर ट्रकांची रांग वाढली, तर माल जास्त निघाला असेल किंवा पुढे रस्ता बंद असेल. नुसती रांग मोजून ते कळत नाही.

कळण्यासाठी रस्ता आपणच बंद करायचा. आदल्या दिवशी सहा वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ३ लाख पेशी पेरलेल्या होत्या आणि सकाळपर्यंत त्या साधारण ७० टक्के भरल्या होत्या. वेल याहून गच्च भरलेले असतील तर पेशी आधीच अर्धपोटी असतात आणि कंट्रोलमध्येच ऑटोफॅजी चढलेली दिसते. रसायन ६ तास दिलं. निम्म्या वेलमध्ये शेवटचे २ तास १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिन घातलं. ते लायसोसोममध्ये आम्ल भरणारा पंप थांबवतं. सोबतीला रॅपामायसिनची जोडी आणि उपासमारीची जोडी (बॅफिलोमायसिनसह आणि त्याशिवाय) होतीच. उपासमारीसाठी अर्लचं क्षारद्रावण ४ तास, तेही पेशी ३७ अंशांच्या बफरने दोनदा धुऊन. धुण्यात कंजुषी केली तर तळाशी उरलेल्या सीरममधली अमिनो आम्लं सगळा उपास मोडतात.

ब्लॉटसाठी प्रथिनं वेगळी करणारं जेल १५ टक्क्यांचं आणि ती टिपून घेणारा पडदा ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीडीएफ. ०.४५ चा घेतला तर इतकं छोटं प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं, आणि मग माणूस अँटिबॉडीला दोष देत बसतो. तुलना ट्युब्युलिनशी (सगळ्या नमुन्यांत साधारण सारखंच असणारं प्रथिन) करायची, एलसी३-१ शी (त्याच प्रथिनाचं पडद्याला न चिकटलेलं रूप) नाही. एलसी३-१ नाजूक असतं, नमुना दोनदा गोठवून वितळवला की ते विरतं, आणि अँटिबॉडी त्याला तितकी घट्ट धरतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा पाहिला. उपाशी पेशींत बॅफिलोमायसिन घातल्यावर बँड चांगलाच वाढला होता, रॅपामायसिनमध्येही वाढला होता. म्हणजे तिथे माल खरोखर पुढे जात होता. नव्या रसायनात मात्र बॅफिलोमायसिन असो वा नसो, बँड जसाच्या तसा. शिवाय ६२ किलोडाल्टनपाशी पी६२ हे ऑटोफॅजीत पचून जाणारं प्रथिन साचलेलं. (ताणाखाली पी६२ चं जनुकच जास्त चालू शकतं, त्यामुळे एकट्या पी६२ वर मी कधीच विसंबत नाही.) हे रसायन ऑटोफॅजी चालू करत नव्हतं, ती अडवत होतं.

मग मृत्यूचा अर्थच उलटा झाला. उपाशी पेशी स्वतःचेच भाग पचवून अमिनो आम्लं मिळवते आणि तग धरते. तोच आधार काढून घेतला तर ती मरते. मसुद्यात ‘ऑटोफॅजीमुळे मेल्या’ असं होतं, तिथे ‘ऑटोफॅजी अडल्यामुळे मेल्या असाव्यात’ असं हवं होतं. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे, कारण पुढे जोडीला कोणतं औषध द्यायचं हे त्यावरच ठरतं.

“सर, पण रॅपामायसिनमध्येही एमटीटी खाली आलंय,” आमची संशोधक विद्यार्थिनी म्हणाली. रास्त शंका. एमटीटी ही रंगाची चाचणी मृत्यू मोजत नाही, चयापचयाची रंगछटा मोजते. रॅपामायसिनने पेशीची वाढ चालवणारा एमटॉर दबतो, पेशी लहान राहतात, सावकाश विभागतात. रंग कमी येणारच. एव्हरोलिमस आणि टेमसिरोलिमस ही त्याच घराण्यातली मूत्रपिंडाच्या कर्करोगावरची औषधंही गाठ मारण्यापेक्षा तिची वाढ रोखण्याचंच काम जास्त करतात. म्हणून अ‍ॅनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड या मरत्या-मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या द्रव्यांनी पुन्हा मोजलं, आणि या वेळी वर तरंगणारं द्रवही ३०० जीवर (गुरुत्वाच्या ३०० पट जोराने) ५ मिनिटं फिरवून त्यातल्या पेशी मोजणीत घेतल्या. आधीच्या मोजणीत ते द्रव सिंकमध्ये गेलं होतं. मेलेल्या पेशी तळ सोडतात. त्याच फेकल्या तर उरलेल्या सगळ्या जिवंतच दिसणार.

रॅपामायसिनच्या पेशी बहुतेक जिवंत होत्या. पण त्या ऑटोफॅजीमुळेच वाचल्या असं म्हणायला मी तयार नव्हतो. एमटॉर दबला की प्रथिनं बनवण्याचा खर्चही वाचतो. शिवाय उपासमारीत एमटॉर आधीच बंद असतो, त्यावर रॅपामायसिन दिलं तर भर फारशी पडत नाही. ते द्यायचं तर उपासाआधी. दोन कारणं वेगळी काढायला ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ हे जनुक गप्प केलेल्या पेशी लागतात. एटीजी५ नसतानाही रॅपामायसिन वाचवत असेल, तर श्रेय ऑटोफॅजीचं नाही.

दुपारी फ्रीजरमधून एटीजी५ गप्प करणारे एसआयआरएनए काढले. प्रथिन उतरायला ४८ ते ७२ तास लागतात, म्हणून पेशी या वेळी दीड लाखच पेरल्या. रॅपामायसिनचा साठा २०० मायक्रोमोलर केला, दर मिलीलिटरला १ मायक्रोलिटर, म्हणजे २०० नॅनोमोलर आणि डीएमएसओ (रॅपामायसिन विरघळवणारं द्रव) ०.१ टक्का, कंट्रोललाही तितकंच डीएमएसओ. अहवालातलं ते वाक्य मी खोडलं आणि जागा तूर्त मोकळी ठेवली.