जहाज ऱ्होड्सला लागते त्या दिवशी : लिंडोसचा गड आणि सेंट पॉलची खाडी

ऱ्होड्स या ग्रीक बेटावर क्रूझचे जहाज जुन्या शहराच्या तटबंदीसमोरच लागते, त्यामुळे बरेचसे प्रवासी उतरल्याबरोबर सेंट कॅथरीनच्या दरवाज्यातून आत शिरतात आणि दिवसभर तिथेच रमतात. आम्ही मात्र जुने शहर संध्याकाळसाठी राखून ठेवले, कारण ते धक्क्यापासून पायी काही मिनिटांवर आहे. लिंडोस हे गाव दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि प्राचीन ग्रीक अवशेष व पोहण्याजोगा समुद्र ही दोन्ही एकाच फेरीत हवी असतील, तर सकाळचे मोलाचे तास त्यालाच द्यावेत.

लिंडोसची बस मांड्राकी बंदराजवळच्या नव्या बाजाराशेजारून सुटते. धक्क्यापासून तिथपर्यंत तटाच्या कडेने रमतगमत चालत जाता येते. बसला तासाभराहून अधिक वेळ लागतो. चौघे जण असतील तर टॅक्सीचा विचार करावा, मात्र परतीचे भाडे आणि वेळ आधीच ठरवून घ्यावी. जहाजाकडून आखलेली सहल महाग पडते. पण ती रस्त्यात अडकली तर जहाज थांबते, स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही. सोबत वयस्कर माणसे असतील तर हा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो, असे माझे मत आहे.

गावाच्या गल्ल्यांत मोटारी जात नाहीत, त्यामुळे चौकापासून पुढे पायीच जावे लागते. गड समुद्रसपाटीपासून ११६ मीटर उंच आहे. वर नेणारी गाढवे चौकाजवळ उभी असतात. पण उन्हात पाठीवर माणसे वाहणारी ती जनावरे पाहून आम्ही पायीच चढलो, आणि सावकाश चढणाऱ्याला ही चढण अवघड नाही. मुळात आधी गड आणि मग समुद्र, हा क्रम बदलू नये, कारण वर सावली जवळजवळ नाही आणि दुपारी दगड तापतो.

शेवटच्या जिन्याच्या पायथ्याशी डावीकडच्या कातळाकडे पाहायला विसरू नका. तिथे एका युद्धनौकेची मागची बाजू थेट खडकात कोरली आहे. वर वळलेले मागचे टोक आणि बाजूचे सुकाणूचे वल्हे आजही स्पष्ट ओळखू येते. इ.स.पू. १८०च्या सुमारास पिथोक्रिटोस या शिल्पकाराने ती कोरली, आणि तिच्यावर हागेसांड्रोस नावाच्या मान्यवराचा पुतळा उभा होता. पुतळा गेला, नौका राहिली. घाईने पुढे जाणारे गट तिच्यासमोर जेमतेम छायाचित्रापुरते थांबतात. मला मात्र सगळ्या गडावर हीच गोष्ट सर्वांत अधिक भावली.

बाहेरचा तट मध्ययुगातल्या सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघाने, बांधलेला आहे. त्यातून वर आले की मोठा स्तंभयुक्त मंडप, मग रुंद पायऱ्या, आणि अगदी कड्यावर अथेना लिंडिया या देवतेचे इ.स.पू. चौथ्या शतकातले छोटे मंदिर. डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी १९०२ पासून इथे उत्खनन केले. मंदिराला मिळालेल्या अर्पणांची यादी असलेला इ.स.पू. ९९चा शिलालेख त्यांना सापडला, तो आता कोपनहेगनला आहे. पुढे इटालियन राजवटीत खांब उभे करताना सिमेंट-काँक्रीट वापरले गेले, आतले लोखंड गंजल्याने दगडही तडकला, आणि ते काम नंतर दुरुस्त करावे लागले. म्हणून उभा दिसणारा प्रत्येक खांब मूळचा समजू नये. पायाखालचा दगड माणसांच्या वर्दळीने गुळगुळीत झाला आहे. चपला चालणार नाहीत, पकड असलेले बूट हवेत. टोपी आणि पाणी खालूनच घेऊन जावे.

मंदिराच्या कड्यावरून खाली जी जवळजवळ बंद, हिरव्या-निळ्या पाण्याची खाडी दिसते, तीच सेंट पॉलची. ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पॉल इथे उतरला अशी परंपरा आहे, आणि काठावर त्याच्या नावाचे पांढरे प्रार्थनागृहही आहे. पाणी शांत असल्याने नवशिक्यांना ती बरी. मात्र वाळूची जागा थोडी आहे आणि छत्री-खुर्च्यांचे पैसे पडतात. लहान मुले असतील तर गावाच्या दुसऱ्या बाजूचा मोठा किनारा सोयीचा. पोहण्याचे कपडे सकाळी जहाजावरूनच आतून घालून निघालो, हे फार उपयोगी पडले. शाकाहारी मंडळींना गावातल्या खानावळीत पालक आणि चीजचे पफ किंवा फेटा घातलेली कोशिंबीर सहज मिळते.

परतताना दुपारच्या बसगाड्या भरून येतात, तेव्हा हवी त्याच्या आधीची बस धरण्याच्या हिशेबानेच किनारा सोडावा. जहाजावरचे घड्याळ आणि स्थानिक वेळ यांत फरक असू शकतो, तो उतरण्यापूर्वीच तपासावा. आणि भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांसाठी शेवटची, पण सर्वांत आधी पाहायची गोष्ट : जहाज ग्रीसहून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येणार असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा.