फेद्रियाची एन्ट्री

नाट्यशास्त्राच्या मुलांकडून प्राचीन रोमन नाटककार प्लॉटसचं 'ऑलुलारिया' हे विनोदी नाटक बसवून घेतेय. कंजूष युक्लिओ, त्याचा सोन्याचा हंडा, चोरी, गोंधळ. हंडा लपवायची जागा बदलताना आमचा युक्लिओ जे अंग वापरतो, ते मी रोज नव्याने बघते.

फेद्रिया, म्हणजे त्याची मुलगी, करणारीने पहिल्याच वाचनाला विचारलं होतं, "मॅडम, माझी एन्ट्री कुठंय?"

नाहीच. दीड ओळ, तीही आतून. मेले गं दाई, पोटात कळा येताहेत, यूनो लुकिना (बाळंतपणाची देवी), धाव! धान्यदेवी सेरेसच्या जागराच्या रात्री दारूच्या नशेत लिकोनिदेस नावाच्या तरुणाने तिच्यावर बलात्कार केलेला. घरचा देव सुरुवातीलाच सांगून टाकतो: ती कोण हे त्याला ठाऊक आहे, तो कोण हे तिला ठाऊक नाही आणि बापाला तर कशाचाच पत्ता नाही. दिवस भरत आलेत हे म्हाताऱ्या दासीला, स्ताफिलाला, माहीत. ते लपवता लपवता ती इतकी मेटाकुटीला येते की म्हणते, गळफास घेऊन माझंच एक लांबलचक अक्षर करून टाकते (लटकलेला देह म्हणजे उभा 'I'). प्लॉटस इथेही हशा काढतो, आणि तो निघतोच, हीच तर पंचाईत.

त्या कळांनंतर जेमतेम चाळीस ओळींनी नाटकातला सर्वांत मोठा विनोद येतो. लिकोनिदेस मुलीबद्दल कबुली देतो, युक्लिओला वाटतं हा हंड्याबद्दल बोलतोय. दोघांनी टायमिंग घासूनपुसून चोख केलेलं. परवाच्या रनथ्रूला ही पोरगी विंगेत दीड ओळ झाल्यावर गप्प बसलीच नाही. त्या अख्ख्या प्रवेशभर हलकेच कण्हत राहिली. समोर बसलेली मुलं आधी हसली, मग एकेक करून थांबली. लिकोनिदेस चिडून बाहेर आला, "हिने माझा लाफ्टर खाल्ला!" तिचं उत्तर तयार होतं, "बाळंतपण दीड ओळीत उरकतं का?"

प्रकाशयोजना बघणाऱ्या सहकाऱ्यांनी लगेच तोडगा काढला: फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६८ साली यावरूनच 'लाव्हार' लिहिलं, तेव्हा हंड्याची पेटी केली, गैरसमज तसाच ठेवला आणि गरोदरपण गाळलं, आपणही गाळू. नको तो प्रश्नच कापून टाकायची ही हातोटी विभागात बऱ्याच जणांना साधलेली आहे. मी कण्हणं ठेवलंय. लिकोनिदेस अजून माझ्याशी धड बोलत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मूळ शेवट हरवलाय. उरलेल्या जुन्या सारांशात एवढंच आहे की लिकोनिदेसला सोनं, बायको आणि मुलगा मिळतो. क्रमही हाच. म्हणून शेवट मुलांनाच लिहायला सांगितलाय. मसुदे येताहेत. बहुतेकांत धूमधडाक्यात लग्न लागतं, एकात ती विष घेते (आपल्याकडच्या मुलांना हे फार पटकन सुचतं). नवरा म्हणून समोर उभा आहे तो त्या रात्रीचाच माणूस, हे तिला कोण सांगतं, ते अजून कुणीच लिहिलेलं नाही.