वजनकाट्यावरचा एरर 25

गळीत हंगाम ऐन भरात असताना चिकोडी भागातील एका साखर कारखान्याचा वजनकाटा रात्री अकराच्या सुमारास बंद पडला. त्या काट्याचा सी भाषेतील प्रोग्रॅम मी लिहिलेला असल्यामुळे बेळगावच्या उद्यमबागेतून मी निघालो. पोहोचलो तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या चुका जिथे लिहितो तिथे, पुन्हा पुन्हा एकच ओळ होती: एरर 25, ‘इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’, म्हणजे या डिव्हाइसला लागू न होणारी आज्ञा. डिव्हाइस म्हटल्यावर वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरची सीरियल केबल डोळ्यांसमोर आली आणि तासभर आम्ही तीच तपासली. शेवटी काटा सांभाळणारे मामा म्हणाले, “साहेब, केबल परवाच बदललीय, आणि आकडा तर समोर बरोबर दिसतोय की.”

मग मी एसट्रेस लावला; प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय काय मागतो आणि त्याला काय उत्तर मिळते, ते हे साधन ओळीओळीने दाखवते. लागोपाठच्या दोन ओळींत उलगडा झाला. वजनांच्या नोंदींच्या फाइलवरील राइट, म्हणजे फाइलमध्ये लिहिण्याचा कॉल, ‘एरर 28: डिस्कवर जागा नाही’ असे सांगून फसत होता. त्यानंतर माझे लॉग फंक्शन, अक्षरे रंगीत छापावीत की नाही हे ठरवण्यासाठी, समोर टर्मिनल (मजकूर दाखवणारा पडदा) आहे का हे विचारणारा आयसॅटी हा कॉल करत होते. लॉग टर्मिनलऐवजी दुसऱ्या पार्टिशनवरील फाइलकडे वळवलेला असल्यामुळे तो कॉलही फसत होता आणि एर्नोमधील, म्हणजे शेवटच्या चुकीचा क्रमांक जिथे राहतो त्या चलातील, 28 च्या जागी 25 येत होता. माझ्या टेबलावर समोर टर्मिनलच असल्यामुळे ही चूक तिथे कधी दिसलीच नव्हती.

ट्रॉल्यांचे जुने फोटो हलवून जागा केली, राइट फसताच एर्नो लगेच वेगळ्या चलात ठेवला आणि काटा सुरू झाला.

मला खरी धास्ती वाटली ती त्यानंतर फाइल उघडल्यावर. प्रत्येक नोंद 72 बाइटची, पण डिस्क भरण्याच्या क्षणी लिहिलेली नोंद 40 बाइटवरच तुटली होती. राइटने तेव्हा उणे एक, म्हणजे फसल्याची खूण, परत दिलेच नव्हते; लिहिलेल्या बाइटांची संख्या म्हणून 40 दिले होते. मी मात्र फक्त उणे एक तपासत होतो, आणि त्यामुळे प्रोग्रॅमने काम झाले असे समजून पावतीही छापली होती. एका शेतकऱ्याच्या उसाचे वजन नेमके त्या न लिहिलेल्या 32 बाइटांत होते. मामांनी पावतीची स्थळप्रत शोधून काढली, वजन मोठ्याने दोनदा वाचून दाखवले आणि मी ती नोंद पूर्ण केली. उरलेले बाइट पुन्हा लिहिणारा लूप घालून प्रोग्रॅम नव्याने चढवला, तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.