गौर झोपाळ्यात बसली की

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते, झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला परत जाते. मुक्काम महिन्याचा, त्यामुळे हळदीकुंकवाला सवडीचा मंगळवार नाहीतर शुक्रवार निवडता येतो. आमच्या चाळीतल्या महिला मंडळाला मात्र दरवर्षी नेमका वार्षिक परीक्षेतलाच शुक्रवार सापडायचा. आम्हा मुलींची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

आदल्या रात्री हरभरे आणि डाळ भिजत पडायची. सकाळपासून गॅलरीत कैऱ्या किसायला बायका ओळीने बसत. आंब्याची डाळ भरडच वाटली पाहिजे, गुळगुळीत झाली की तिची चटणी होते, यावर दरवर्षी नव्याने वाद. मग मोहरी-हिंगाची चुरचुरीत फोडणी, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. एका वर्षी पन्ह्यात दोघींनी एकमेकींना न विचारता मीठ घातलं. पाहुण्यांनी पेले संपवले, तोंडं वाकडी केली नाहीत, पण पाण्याचा माठ तासाभरात रिकामा झाला.

खोक्यांवर खोकी रचून, वर आईचा लग्नातला शालू पसरून पायऱ्या व्हायच्या. सर्वांत वर पितळी झोपाळ्यात गौर, खाली कलिंगडाचं कमळ, करंज्या, चकल्या आणि आमची खेळणी. माझी एका डोळ्याची बाहुलीसुद्धा तिथे ऐटीत बसे. दारात चैत्रांगण. शंख, चक्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन मोठ्या मुली काढायच्या, माझ्या वाट्याला कासव. ते दरवर्षी पाय फुटलेल्या पुरीसारखं दिसायचं.

संध्याकाळी गुलाबपाणी शिंपडलं जाई, मनगटावर अत्तर, ओटीत ओले हरभरे. ज्यांना मे महिन्याशिवाय माहेर दिसत नसे, त्या बायका गौरीचं माहेरपण हौसेने करत होत्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींइतक्या भराभर कैऱ्या कुणीच किसत नसे. पण चार वाजले की हात धुऊन त्या वर जायच्या. का, म्हणून विचारलं तर आई म्हणायची, "त्यांचे पाय दुखतात." जिने चढताना तर कधी दुखलेले दिसले नाहीत.

मग एका वर्षी मंडळाच्या नव्या सेक्रेटरी मावशी थेट वर जाऊन त्यांना घेऊन आल्या. गॅलरी गप्प. कुंकवाची कोयरी पुढे आली तशी आजी म्हणाल्या, "ते नको गं, आता कपाळाला सवय राहिली नाही. अत्तर लाव." आणि पहिल्या ओळीत बसून, डाळ चाखून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मीठ कमी आहे." दोघीतिघी लवकर उठून गेल्या. पुढे बरेच दिवस नळावर कुजबुज चालू होती.

पुढच्या वर्षी जिन्याखालच्या फळ्यावर निमंत्रण लिहायचं काम माझ्याकडे होतं. सवयीने 'सर्व सुवासिनींनी' लिहून मोकळी झाले. आईने ओल्या फडक्याने तेवढाच शब्द पुसला आणि 'भगिनींनी' लिहायला लावलं.

आजींनी मात्र त्या वर्षी किसणी हातात घ्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, "आता मी पाहुणी."